जिना चढणारा सोफा

आमच्या इमारतीचा जिना तीन फूट रुंद आहे आणि प्रत्येक मजल्यावर तो काटकोनात वळतो. लिफ्ट नाही. नारायण पेठेतल्या सत्तरच्या दशकातल्या इमारतीत ती कुणाच्या डोक्यातही आली नसेल. हे सगळं ठाऊक असूनही तीन वर्षांपूर्वी मी दुकानात जाऊन सात फुटी सोफा पसंत करून आले. चार हमालांनी तो दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आणला. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, कठड्यावरून तिरपा काढून पाहिला. कठडा सोलवटला, भिंतीचा गिलावा पडला, समोरच्या काकूंच्या दारावरचं तोरण तुटलं. सोफा परत गेला आणि आगाऊ भरलेल्या पैशातले चार हजार 'वाहतूक' म्हणून कापले गेले.

तळमजल्यावरचे तात्या हे सगळं दारात उभे राहून बघत होते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. म्हणाले, "वहिनी, पलंग कधी अख्खा चढवतात का? सुटा करून नेतात, वर जोडतात. सोफ्याला काय शिंगं फुटलीत?"

मी शिवणकाम करते. फॉल-पिको, ब्लाउज, पडदे. रंधा हातात धरला नव्हता. पण तात्या म्हणाले ते डोक्यातून जाईना. शेवटी दिवाळीनंतर आम्ही सोफा केला. सुटा होणारा, बारा बोल्टांवर उभा, गाद्या मोकळ्या. तो कसा केला ते सांगते. जिथे चुकले तेही सांगते, कारण तिथेच पैसे गेले.

आधी माणसं मोजा

सगळे खोली मोजतात. खोली मोजाच, पण आधी बसणारे मोजा. आमच्या घरात सासूबाई चार फूट दहा इंच, वय ८१, दोन्ही गुडघे दुखरे. हे पाच फूट नऊ. लेक कुठेही बसली तरी मांडी घालूनच बसते. खरं तर आपल्याकडे सोफ्यावर पाय खाली सोडून माणूस बसतो किती वेळ? पाहुणे असेपर्यंत. मग एक पाय वर येतो, मागोमाग दुसरा.

बैठकीची उंची ठरवायला मी रद्दीचे गठ्ठे भिंतीशी रचले आणि वर पाट ठेवला. १५ इंचांवर सासूबाईंचे पाय जमिनीला नीट टेकले, पण उठताना यांचा हात लागला. १९ इंचांवर उठल्या झटकन, पण पाय लोंबकळत राहिले. दहा मिनिटांत म्हणाल्या, "अगं, मुंग्या आल्या." १७ इंचांवर पाय टेकले, आणि बाजूच्या खुर्चीच्या हातावर जोर देऊन एकट्या उठल्या. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. उठताना त्यांचा हात पडतो तो सोफ्याच्या अगदी पुढच्या टोकाशी. पुष्कळ सोफ्यांचे हात तिथवर येतच नाहीत, अलीकडेच संपतात. आपले हात पुढच्या कडेपर्यंत आणायचे, हे तेव्हाच ठरलं. तुमच्या घरातही कुणी म्हातारं असेल तर एवढं एक तरी करा.

१७ इंच ही माणूस बसल्यावरची उंची. पाच इंची चांगला फोम बसल्यावर साधारण एक इंच दबतो. म्हणून चौकटीची वरची कड १३ इंचांवर.

खोली, म्हणजे पुढून मागे किती, यात सगळ्यांचं जमवायचं तर एक युक्ती आहे. बैठकीची गादी २५ इंच खोल ठेवायची आणि पाठीला पाच इंचांची सुटी गादी उभी करायची. पाय सोडून बसणाऱ्याला २० इंच मिळतात, गुडघ्याच्या लवणीत कड रुतत नाही. मांडी घालणाऱ्याने पाठीची गादी काढून मांडीवर घ्यावी, त्याला २५ मिळतात. आमची लेक तेच करते आणि त्या गादीवर ताट ठेवून जेवते. त्यावरून भांडणं होतात ती वेगळी.

पाठ ताठ नको. दर चार इंच उंचीला एक इंच मागे, एवढा कल पुरतो. बैठकही मागच्या बाजूला एक इंच उतरती ठेवा. सपाट बैठकीवर माणूस घसरत पुढे येतो आणि त्याला कळत नाही की कंबर का दुखते.

लाकूड

आम्ही जुना साग घेतला. पेठांतले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या चौकटी, तुळया, कड्यांचं लाकूड विकायला येतं. ते पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं असतं, आता पिळणार-फाटणार नाही. आमच्या वाट्याला दोन दारांच्या चौकटी आल्या. तात्यांनी आधी लोहचुंबक फिरवला. अकरा खिळे निघाले, त्यातले तीन लाकडात पुरते गिळलेले. हे केल्याशिवाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चिरायला नेऊ नका. खिळा लागला तर पट्टाकरवतीचं पातं तुटतं, आणि वखारवाला ते तुमच्याकडून भरून घेतो.

नवा साग घ्यायचा तर वखारीत 'सीपी' हा शब्द ऐकू येईल. म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा, आपल्या बल्लारशा-आलापल्लीकडचा. तो महाग. बाहेरून येणारा साग स्वस्त, पण त्यात कडेचा पांढरट भाग जास्त. किडा आधी त्या पांढऱ्यात शिरतो, म्हणून फळी उलटीसुलटी करून बघा. बजेट कमी असेल तर पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनचं लाकूडही चालतं, मात्र मापं पाव-अर्धा इंचाने वाढवा. आणि आडव्या पट्ट्यांत गाठ येऊ देऊ नका, मोडतं ते गाठीपाशी.

लाकूड घनफुटात विकतात. आमचा हिशेब दीड घनफुटाच्या थोडा वर आला, चिरण्यात आणि रंध्यात जाणारं धरून दोन घेतलं. तुकडे असे:

पुढचे पाय दोन, अडीच इंच चौरस, साडेतेवीस इंच उंच. मागचे पाय दोन, उंची तीच, जाडी अडीच, पण पुढून मागे साडेतीन इंच रुंद (का, ते पुढे येईल). बैठकीच्या लांब पट्ट्या दोन, ६६ इंच लांब, ४ इंच उभ्या, सव्वा इंच जाड. बैठकीच्या बाजूच्या पट्ट्या दोन, तशाच, चौकट बाहेरून २५ इंच भरेल एवढ्या. मधले आधार दोन. पाठीसाठी ६६ इंचांच्या तीन इंची पट्ट्या दोन, वीस इंचांच्या अडीच इंची उभ्या दोन, आणि मध्ये पाऊण इंच जाडीच्या सहा-सात पट्ट्या. बाजूंसाठी पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या चार. आणि हातांसाठी तीन इंच रुंद, एक इंच जाड फळ्या दोन.

बैठकीच्या पट्ट्या ४ इंच उभ्या हव्यात, यावर तात्या हटून बसले. मी म्हटलं, अडीच इंच दिसायला नाजूक दिसेल. त्यांनी लाकडी फूटपट्टी दोन डब्यांवर ठेवली आणि मधोमध बोट दाबलं. आडवी ठेवली तेव्हा ती वाकली. उभ्या कडेवर ठेवली तेव्हा बोट दुखलं, पट्टी नाही वाकली. साडेपाच फुटांत मधे पाय न देता तीन माणसं बसवायची तर उंची हवीच.

सांगाडा

सोफ्याचे भाग चारच: दोन बाजू, एक बैठकीची चौकट, एक पाठ. यातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे ६६ बाय २५ इंचांची चौकट. तो एक माणूस बगलेत धरून जिना चढतो. मी चढवला आहे.

प्रत्येक बाजू म्हणजे एक पुढचा पाय, एक मागचा पाय, दोन आडव्या पट्ट्या आणि वर हाताची फळी. हे सांधे कायमचे. तात्यांनी पटाशीने साळ (खाच) पाडून त्यात कुसू (दुसऱ्या तुकड्याचं खाचेत बसणारं टोक) बसवले. मला ते करू दिलं नाही, आणि बरंच केलं. तुम्हाला जमत नसेल तर १० मिलीमीटरच्या लाकडी खुंट्या, प्रत्येक सांध्याला दोन, फेविकॉल लावून. साग तेलकट असतो, त्यामुळे सांध्याची जागा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर फेविकॉल धरत नाही. शिकंजात आवळून रात्रभर ठेवा. शिकंजा नसेल तर सुती दोरी गुंडाळून काठीने पीळ द्यायचा, गाठोडं आवळतो तसा.

बैठकीची चौकट मी केली. चारही कोपऱ्यांत फेविकॉल आणि स्क्रू, पण स्क्रूच्या भरवशावर राहू नका. एका पट्टीतून दुसरीच्या टोकात घातलेला स्क्रू रेषांच्या दिशेने जातो आणि हलवलं की ढिला होतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात आतून त्रिकोणी ठोकळा चिकटवायचा आणि तो दोन्ही पट्ट्यांना आडवा स्क्रू करायचा. खरी ताकद तिथे आहे. सागात स्क्रूआधी ३ मिलीमीटरचं भोक पाडा आणि स्क्रू मेणबत्तीवर घासून घ्या. मी पहिले दोन तसेच पिळले, दोघांची डोकी तुटून हातात आली.

मधले दोन आधार लांब पट्ट्यांना जोडतात, म्हणजे वरचे इलॅस्टिकचे पट्टे ताणले की चौकट आत ओढली जात नाही. पण ते वरच्या कडेपासून निदान दोन इंच खाली बसवा. बरोबरीने बसवले तर मधे बसणाऱ्याच्या बुडाला लाकूड लागतं. तयार स्वस्त सोफ्यांत मधली जागा पाहुण्यांनाच का मिळते, त्याचं कारण हे.

आता बोल्ट. ८ मिलीमीटरचे, साडेचार इंच लांब, दोन्हीकडे वायसर. बैठकीच्या चौकटीला प्रत्येक पायाशी दोन, असे आठ. मागचं टोक पुढच्यापेक्षा इंचभर खाली धरायचं, म्हणजे उतार आपोआप मिळतो. दोन तुकडे जसे राहणार तसे शिकंजात धरा आणि ९ मिलीमीटरचं भोक दोन्हींतून एकदमच पाडा. वेगवेगळी पाडलेली भोकं जुळत नाहीत, कितीही मोजा.

पाठीला प्रत्येक बाजूला दोन, मिळून चार. मागचा पाय रुंद ठेवला तो इथे कामाला येतो. पाठीच्या उभ्या पट्टीचा खालचा बोल्ट पायाच्या पुढच्या कडेशी, जमिनीपासून १५ इंचांवर. वरचा २२ इंचांवर, पण पावणेदोन इंच मागे. झाला कल. मोजायला कोनमापक नको, गुण्या (सुताराचा काटकोन) आणि पट्टी पुरते.

जोडून झाल्यावर प्रत्येक सांध्याच्या आतल्या बाजूला तात्यांनी पटाशीने खुणा कोरल्या: एकाला एक घाव, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. मी पेन्सिलने क, ख, ग लिहीत होते, ते त्यांनी पुसलं. "पॉलिश चढलं की तुमचं क-ख-ग गेलं." मग त्यांनी आमच्या जुन्या चौकटीचा उरलेला तुकडा उलटून दाखवला. त्यावरही तसेच तीन घाव होते. वाड्याच्या सुताराने आपल्या जोडणीसाठी कधी काळी मारलेले. तो तुकडा मी टाकला नाही.

पॉलिशबद्दल थोडक्यात. ८०, १२०, २२० नंबरचा पॉलिश पेपर याच क्रमाने, रेषांच्या दिशेनेच. मग जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात, मधे दोन दिवस. तेलाची फडकी चुरगळून डब्यात कोंबू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग टाका. हे काम पावसाळ्यात करायचं नाही. आणि पायांना खालून नायलॉनचे बुश ठोका. लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, लाकूड ते पाणी टोकातून वर ओढतं.

नवार की इलॅस्टिक

सासूबाईंच्या माहेरी नवारीचे पलंग होते. त्यांच्या आग्रहाने मी सुती नवार आणली आणि चौकटीवर चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकली. ठोकल्या त्या चुका आणि झाली तीही चूक. पलंगाची नवार दोरीने किंवा गुंडाळून बांधलेली असते, सैल पडली की पुन्हा ओढून घेता येते. ठोकलेली नवार कशी ओढणार? पावसाळ्याच्या तीन महिन्यांत तिची झोळी झाली.

आता दोन इंची इलॅस्टिकचा पट्टा आहे, सोफ्याचं सामान मिळतं तिथे मीटरवर मिळतो. साधारण वीस मीटर लागला. पुढून मागे अठरा पट्टे, मधे दीड इंच जागा. लांबीत चार पट्टे, चटईसारखे वरखाली विणून. ताण किती द्यायचा, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मोकळी जागा साडेबावीस इंच असेल तर एक टोक ठोकून पट्ट्यावर वीस इंचांवर खूण करायची आणि ती खूण समोरच्या पट्टीच्या आतल्या कडेपर्यंत ओढायची. सगळ्या पट्ट्यांना तोच ताण. टोक दुमडून, दुहेरी करून, स्टेपल गनने पाच-सहा पिना. एका ओळीत मारू नका, वरखाली मारा, नाहीतर लाकूड त्या रेषेवर चिरतं.

खालून काही झाकू नका. बंद पेटीच्या सोफ्यात झुरळ, उंदीर, रिमोट आणि सुटी नाणी राहतात. आमच्या सोफ्याखालून झाडू जातो, आणि ढेकणांची शंका आलीच तर बारा बोल्ट काढून सगळे सांधे उन्हात ठेवता येतात.

फोम तोलून घ्या

इथे मी फसले होते. दुकानात '४० डेन्सिटी' म्हणून घेतलेला फोम सहा महिन्यांत मधे खोल गेला. तेव्हा मला वाटायचं, डेन्सिटी म्हणजे कडकपणा. तसं नाही. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. मऊ फोमही जड असू शकतो आणि कडक फोम हलका. टिकतो तो वजनदार. आणि वजन तर कुणालाही करता येतं.

लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं इंचात, भागिले ६१ हजार. आले घनमीटर. आमची एक गादी २२ बाय २५ बाय ५, म्हणजे २७५० घनइंच, म्हणजे ०.०४५ घनमीटर. ४० चा फोम असेल तर ती १.८ किलो भरायला हवी. ३२ चा असेल तर १.४४. मी घरी जुनी गादी कापड काढून तोलली: १ किलो २५० ग्रॅम. म्हणजे २८ चीसुद्धा जेमतेम. दुसऱ्यांदा प्रवासाच्या बॅगा तोलायचा हाताचा काटा पर्समध्ये घेऊन गेले, दुसऱ्या दुकानात. दुकानदार आधी हसला, मग आतून वेगळा ताव काढून आणला.

बैठकीला ४० चा, शक्य तर एचआर (हाय रेझिलिअन्स, दाबल्यावर लगेच उसळणारा) फोम, पाच इंच. ७२ बाय ३६ इंचांच्या एका तावात तिन्ही गाद्या निघतात. दुकानदार कापून देतो, घरी कापायचा तर हॅक्सॉचं पातं, दाब न देता लांब हात मारून. तयार फोमवर रेक्रॉनचा (पॉलिस्टरच्या कापसाचा) पातळ थर गुंडाळा, कडा गोल दिसतात आणि कापड फोमला घासून विरत नाही. पाठीला एवढा महाग फोम नको, तिथे वजन पडत नाही, २८ चा चालतो. सासूबाईंना कापूसच हवा होता. कापसाचे गोळे होतात, वर्षा-दोन वर्षांनी पिंजून घ्यावा लागतो, आणि पिंजारी आता गल्लीत येत नाही. शेवटी त्यांच्या कोपऱ्यात सावरीच्या कापसाचा एक छोटा लोड दिला. तो फक्त त्यांचा.

खोळी

आता माझा प्रांत.

कापड ५४ इंच पन्ह्याचं, जाड सुती किंवा सुती-पॉलिस्टर. साडेसहा मीटर लागतं. पट्टे किंवा मोठी फुलं असतील तर साडेसात, कारण नक्षी जुळवण्यात जातं. आणल्या आणल्या भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री. सुती कापड आटतं, आणि आटलेली खोळ फोमवर चढत नाही. आतून मांजरपाटाची एक साधी खोळ शिवा. वरची धुवायला काढली तरी सोफा उघडानागडा दिसत नाही.

खोळ फोमपेक्षा अर्धा इंच लहान हवी. नेहमीच्या शिवणकामाच्या उलट. गादीला सैल खोळ घातली की ती पहिल्या दिवशीच वापरलेली दिसते. आमचा फोम २२ बाय २५, तर वरचं आणि खालचं कापड साडेबावीस बाय साडेपंचवीस कापायचं. शिलाईत दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच जातो, उरतं साडेएकवीस बाय साडेचोवीस. बाजूची पट्टी ६ इंच कापा, शिवून ५ राहते.

चेन मागच्या पट्टीत. ती फक्त मागच्या बाजूपुरती ठेवू नका, दोन्ही कोपरे वळून चार-चार इंच बाजूला येऊ द्या. एवढा जाड फोम तोंड लहान असेल तर आत जातच नाही. पाच नंबरची रनिंग चेन मीटरवर घ्या, रनर वेगळा मिळतो.

किनारीला गोट. उरेब, म्हणजे तिरपी, कापलेली दीड इंची पट्टी, आत सुती दोरी. उरेबच हवी, सरळ पट्टीचा गोट कोपऱ्यात सुरकुततो. कोपऱ्यावर आलात की गोटाच्या शिलाईमायेला तीन काप द्या, सुई कापडात रोवलेली ठेवून मशीनचा दाबपाय उचला, कापड वळवा, दाबपाय खाली. बाजूची पट्टी वरच्या तुकड्याला लावून झाली की लगेच खालचा तुकडा लावायला जाऊ नका. आधी चारही कोपऱ्यांची जागा पट्टीच्या दुसऱ्या कडेवर बारीक काप देऊन खुणावा. पट्टी दुमडून, वरचा कोपरा आणि खालची खूण एका रेषेत आहेत ना ते गुण्याने बघा. हे सोडलं तर गादी पिळलेली होते, टॉवेल पिळल्यासारखी तिरकी, आणि उसवण्यावाचून इलाज राहत नाही. क्लासमधल्या मुलींना मी हे दहा वेळा सांगते. माझी स्वतःची पहिली गादी तिरकी आहे. ती डाव्या टोकाला ठेवली आहे.

घरच्या मशीनला १६ नंबरची सुई, जाड कापड असेल तर १८. धागा पॉलिस्टरचा, टाका मोठा. गोटाच्या जोडापाशी कापडाचे सहा-सात थर येतात, तिथे पायाने चालवू नका, चाक हाताने फिरवा. मी घाई केली, सुई तुटून तिचं टोक चष्म्यावर आलं.

फोम आत घालताना तो कापडाला चिकटून अडतो. पातळ प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत फोम घाला, मधोमध दुमडून आत सरकवा, कोपरे हाताने बसवा आणि मग पिशवी ओढून काढा. कोपरे रिकामे वाटले तर रेक्रॉनचा मूठभर कापूस कोंबा.

लाकूड, चिरणावळ, बोल्ट, पट्टा, फोम, कापड मिळून आम्हाला एकवीस हजार पडले. यात पहिला फोम आणि सुती नवार धरलेली नाही. तात्यांनी पैसे घेतले नाहीत, त्यांच्या घरच्या चार खिडक्यांचे पडदे मी शिवून दिले.

जोडल्यावर महिन्याभराने सगळे बोल्ट एकदा आवळा, लाकूड बसतं. नंतर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. गाद्या दर पंधरा दिवसांनी उलटा आणि जागा बदला, नाहीतर टीव्हीसमोरची आधी जाते. गेल्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा आम्ही सोफा सुटा करून गच्चीच्या जिन्यात भिंतीला टेकवून ठेवला, चार दिवसांनी घाव मोजत परत जोडला. अर्धा तास लागला.

फोमच्या तावातून अकरा इंच रुंदीची एक लांब पट्टी उरते. ती फेकू नका. मी दोन तुकडे कापून मांजरपाटाची खोळ घातली. एक सासूबाईंच्या देवासमोरच्या पाटावर आहे, दुसरा तात्यांच्या दारातल्या स्टुलावर.